अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीची फायनल जवळ आलीय? पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या

परीक्षा तीन आठवड्यांवर आली की पहिल्या वर्षाची मुलंमुली माझ्याकडे येतात आणि जवळपास सगळ्यांचं वाक्य एकच असतं, मॅडम पुस्तक उघडं असलं की सगळं कळतं पण मिटलं की काहीच आठवत नाही. नर्सिंगची असोत, फिजिओची असोत की फार्मसीची, तक्रार हीच. पुस्तक हातात घेऊन बघावं तर अर्धी पानं पिवळी, गुलाबी, हिरवी रंगवलेली, म्हणजे मेहनत केलेली असते यात शंकाच नाही, पण ती सगळी डोळ्यांनी केलेली असते. हा विषय हाताने करायचा आहे. शरीरातली कुठलीही गोष्ट घ्या, ती कुठेतरी असते, कशाला तरी जोडलेली असते आणि काहीतरी काम करते. ही तीन उत्तरं पुस्तक न बघता कोऱ्या कागदावर काढता आली तर तो टॉपिक झाला, नाही आली तर दहा वेळा वाचलेला असला तरी झालेला नाही असंच समजायचं.

खाली मी ज्या क्रमाने सांगतेय त्याच क्रमाने माझ्याकडची मुलं रिव्हिजन करतात. तीन आठवडे असतील तर आरामात होतं, दहा दिवस असतील तरी होतं, फक्त रोज बसावं लागेल.

पहिला दिवस: वाचायचं नाही, लिहायचं

पाठकोरे किंवा कोरे ११ कागद घ्या. प्रत्येकावर एकेक सिस्टिमचं नाव टाका: त्वचा, हाडं, स्नायू, नर्व्हस सिस्टिम, हार्मोन्स, हृदय आणि रक्तवाहिन्या, लिम्फॅटिक, श्वसन, पचन, मूत्रसंस्था, प्रजनन. आता प्रत्येक कागदाला १० मिनिटं द्या आणि जे काही आठवतंय ते पेन्सिलने लिहा, आकृती येत असेल तर आकृती काढा, चुकलं तरी चालेल, अर्धवट राहिलं तरी चालेल. सगळे मिळून दोन तासांच्या आत होतात. नंतर पुस्तक उघडा आणि जे सुटलं, जे चुकलं ते लाल पेनाने भरा.

झालं, तुमचा अभ्यासाचा नकाशा तयार. ज्या कागदावर लाल जास्त, तिथून सुरुवात. पहिल्या चॅप्टरपासून सुरू करायचं नाही, कारण मी दरवर्षी बघते की मुलं पेशी आणि टिश्यू या चॅप्टरवर चार दिवस घालवतात, तिथेच दमतात आणि किडनी परीक्षेच्या आदल्या रात्री उरते. टिश्यूचं एवढं पक्कं करा की मुख्य प्रकार ४ आहेत, एपिथेलियल, कनेक्टिव्ह, मस्क्युलर आणि नर्व्हस, आणि रक्त हे कनेक्टिव्ह टिश्यूमध्ये मोडतं, हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो.

दिशांचे शब्द अर्ध्या तासात संपवा, पण संपवाच

अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणजे माणूस सरळ उभा, चेहरा समोर, हात बाजूला, तळवे पुढच्या बाजूला आणि त्यामुळे अंगठे बाहेर. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य याच पोझिशनला धरून लिहिलेलं असतं. आणि डावं-उजवं हे त्या माणसाचं, बघणाऱ्याचं नाही, म्हणून हृदयाच्या आकृतीत कागदाच्या उजव्या हाताला जो कप्पा दिसतो तो डावा असतो. एखाद्या मैत्रिणीला समोर उभं करा आणि तिच्याकडे बोट दाखवत मोठ्याने बोला: मनगट कोपराच्या डिस्टल (धडापासून लांब), गुडघा घोट्याच्या प्रॉक्झिमल (धडाच्या जवळ), नाक कानाच्या मीडियल (मधल्या रेषेजवळ), छातीचं हाड पाठीच्या मणक्यांच्या अँटीरियर (पुढे). वीस वाक्यं बोलली की शब्द जिभेवर बसतात.

माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला टेबलावर फीमर (मांडीचं हाड) ठेवला होता, मी नाव बरोबर लिहिलं, भाग बरोबर लिहिले आणि बाजू चुकवली, उजव्याला डावा लिहिलं. मार्क तर गेलेच पण मला जास्त लागलं ते हे की मला बाजू कशी ओळखायची ते कळलेलंच नव्हतं, मी पाठ केलेल्या चित्राशी हाड जुळवत होते. फीमरची बाजू ओळखायला तीन गोष्टी बघायच्या: गोल डोकं वर आणि आतल्या बाजूला, हाडाचा दांडा पुढच्या बाजूला किंचित फुगीर, आणि मागे लांबलचक खरखरीत रेघ, लिनिया अस्पेरा. हाड हातात घेऊन आपल्याच मांडीवर त्या दिशेने धरा, ते कुठल्या पायात बसतं ते लगेच कळतं.

फिजिओलॉजीसाठी एकच साचा

होमिओस्टॅसिस, म्हणजे शरीरातली स्थिती स्थिर राखणं, हा शब्द वॉल्टर कॅनन या फिजिओलॉजिस्टने १९२६ मध्ये आणला, आणि मी म्हणेन की अख्खी फिजिओलॉजी त्या एका शब्दावर टांगलेली आहे. कुठलाही प्रश्न आला की चार ओळी लिहायच्या. काय बदललं? ते कोणाला कळलं? कोणी काय केलं? शेवटी काय झालं?

साखरेचं घ्या. जेवलात, रक्तातली ग्लुकोज वाढली. पॅनक्रियासच्या बीटा सेल्सना कळलं. त्यांनी इन्सुलिन सोडलं, त्यामुळे स्नायूंनी आणि चरबीच्या पेशींनी ग्लुकोज आत घेतली आणि लिव्हरने ती ग्लायकोजेन करून साठवली. ग्लुकोज खाली आली. उपाशी राहिलात तर हेच उलटं, अल्फा सेल्स, ग्लुकागॉन, लिव्हर ग्लायकोजेन फोडतं, ग्लुकोज वर. बदल झाला त्याच्या विरुद्ध दिशेला ओढलं म्हणून हा निगेटिव्ह फीडबॅक. निगेटिव्ह म्हणजे वाईट नाही, ही गल्लत खूप जण करतात. पॉझिटिव्ह म्हणजे बदल त्याच दिशेला वाढवत नेणारा, त्याची उदाहरणं थोडी असतात, बाळंतपणातलं ऑक्सिटोसिन आणि रक्त गोठण्याची साखळी ही दोन लक्षात ठेवा.

हार्मोन्सचं अख्खं चॅप्टर याच साच्यात एका मोठ्या तक्त्यात बसवा, ग्रंथी, हार्मोन, कोणावर काम, जास्त झालं तर काय, कमी झालं तर काय, आणि तो तक्ता रोज एकदा रिकामा काढून भरा. तिथली एकच खाच सांगून पुढे जाते: ऑक्सिटोसिन आणि एडीएच (शरीरात पाणी राखणारं हार्मोन) पोस्टीरियर पिट्युटरी (मेंदूखालच्या ग्रंथीचा मागचा भाग) सोडते, पण बनवते ती हायपोथॅलॅमस (मेंदूचा एक भाग). प्रश्नात "तयार कुठे होतं" विचारलंय की "बाहेर कुठून पडतं" विचारलंय ते नीट वाचायचं.

हृदय: एका थेंबासोबत चाला

हृदयाला पूर्ण एक दिवस द्या, कारण ते नीट आलं की श्वसन, रक्तदाब, किडनी सगळं सोपं जातं. सुंदर आकृती काढायच्या मागे लागू नका. एक चौकोन काढा, त्याचे चार कप्पे करा आणि रक्ताचा एक थेंब घेऊन निघा, प्रत्येक पावलाला नाव मोठ्याने म्हणायचं. व्हेना कॅव्हामधून (मोठ्या शिरेतून) उजव्या एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात), तिथून ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह ओलांडून उजव्या व्हेंट्रिकलमध्ये (खालच्या कप्प्यात), पल्मोनरी व्हॉल्व्हमधून पल्मोनरी आर्टरीत, मग फुप्फुसं. परत येताना सहसा ४ पल्मोनरी व्हेन्समधून डाव्या एट्रियममध्ये, मायट्रल व्हॉल्व्ह, डावं व्हेंट्रिकल, एओर्टिक व्हॉल्व्ह, एओर्टा आणि तिथून अख्खं शरीर.

हे तीनदा काढलं की आता प्रत्येक पावलाला "का" विचारा. डाव्या व्हेंट्रिकलची भिंत उजव्यापेक्षा इतकी जाड का? कारण उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचंय, तिथे साधारण २५ मिलिमीटर मर्क्युरीचा दाब पुरतो, डाव्याला मात्र मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत पोचवायचंय, तिथे १२० च्या आसपास लागतो. जाडी पाठ करायची गरजच उरत नाही. पल्मोनरी आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असूनही तिला आर्टरी का म्हणतात? कारण हृदयापासून लांब नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन, रक्ताच्या रंगाचा नावाशी संबंध नाही. हा एक मुद्दा कळला नाही म्हणून दरवर्षी किती मार्क जातात ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

व्हॉल्व्हची बाजू लक्षात ठेवायला एक सोपं: उजवीकडे तीन, डावीकडे दोन. उजव्या ट्रायकस्पिडला ३ पाकळ्या, डाव्या मायट्रलला २. आणि फुप्फुसांचंही तेच आहे, उजव्याला ३ लोब, डाव्याला २. एका वाक्यात दोन टॉपिक.

आता त्याच चौकोनावर दुसऱ्या रंगाने वीज काढा. उजव्या एट्रियममध्ये वरच्या बाजूला एसए नोड (ठोक्याची वीज सुरू करणारा छोटा भाग), मिनिटाला ६० ते १०० ठोके तोच ठरवतो. तिथून एव्ही नोड (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला थांबा), आणि इथे करंट सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका थांबतो. का थांबतो? एट्रियम आकुंचन पावून रक्त खाली रिकामं करेपर्यंत व्हेंट्रिकलने थांबायला हवं म्हणून. मग बंडल ऑफ हिज, दोन फांद्या, आणि शेवटी पर्किंजे फायबर्स, आणि व्हेंट्रिकल खालच्या टोकाकडून वर दाबत जातं कारण बाहेर पडायची दारं वर आहेत. यानंतर ईसीजीतली पी वेव्ह एट्रियमची, क्यूआरएस व्हेंट्रिकलची आणि टी व्हेंट्रिकल पुन्हा तयार होतानाची, हे वेगळं पाठ करावं लागत नाही, चित्रावरून वाचता येतं. लब-डबही तसंच, लब म्हणजे ट्रायकस्पिड आणि मायट्रल बंद होतानाचा आवाज, डब म्हणजे एओर्टिक आणि पल्मोनरी बंद होतानाचा. दोन्ही आवाज बंद होण्याचे, उघडण्याचा नाही.

मग आकडे. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, गुणाकार केला की ५ लिटरच्या आसपास येतं, आणि प्रौढ माणसाच्या अंगात एकूण रक्तच साधारण तेवढं असतं, म्हणजे बसल्या जागी तुमचं जवळपास सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारतं. अशाच हिशेबावरून विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने १६२८ मध्ये मांडलं की एवढं रक्त शरीर सतत नवीन तयार करू शकत नाही, तेच फिरून परत येत असणार. आर्टरीतून व्हेनमध्ये ते नेमकं कसं जातं हे मात्र त्याला दिसलं नव्हतं, त्या बारीक कॅपिलरीज १६६१ मध्ये मालपिगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. मला हे मुलांना सांगायला फार आवडतं, कारण साध्या गुणाकाराने एवढी मोठी गोष्ट उलगडते आणि तो गुणाकार तुम्ही आत्ता केलात.

आता पेन खाली ठेवा. पहिली दोन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवा, अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते आणि गोंधळ होतो. नाडी सापडली की हळू आणि खोल श्वास घ्या, मग हळू सोडा, तीन-चार वेळा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांब जातात, तरुण निरोगी माणसात हे बोटांना चांगलं कळतं. याला सायनस अ‍ॅरिथमिया म्हणतात आणि तो आजार नाही. नर्व्हस सिस्टिम हृदयावर सतत हात ठेवून असते, हे वाक्य वाचणं वेगळं आणि बोटाखाली जाणवणं वेगळं.

नेफ्रॉन: आधी सगळं बाहेर, मग हवं ते परत

किडनीला मुलं घाबरतात कारण नावं सलग येतात. पण कल्पना साधी आहे. कपाट आवरताना आपण कसं सगळं बाहेर काढतो आणि मग पाहिजे तेवढंच परत आत ठेवतो, किडनी तेच करते. दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर गाळतात, दिवसाला १८० लिटर होतात, आणि लघवी होते साधारण दीड लिटर. म्हणजे ९९ टक्के परत घेतलं. खरं काम गाळण्यापेक्षा परत घेण्याचं आहे.

कागद आडवा धरा आणि एक लांब नळी काढा, सुरुवातीला कप, मग वळणं, मग खाली जाऊन वर येणारा लूप, मग परत वळणं, मग शेवटची जाड नळी. एकेका किडनीत अशा जवळपास १० लाख नळ्या, म्हणजेच नेफ्रॉन, असतात. आता प्रत्येक तुकड्याखाली फक्त तीन गोष्टी लिहा, काय परत गेलं, काय गेलं नाही, आणि कुठल्या हार्मोनची सही लागते.

कपात ग्लोमेरुलस, दाबाने गाळणी, पेशी आणि मोठी प्रोटीन्स मागे राहतात. प्रॉक्झिमल ट्युब्यूलमध्ये सोडियम आणि पाणी सुमारे ६५ टक्के परत, ग्लुकोज एरवी सगळीच परत. लूप ऑफ हेन्ले, उतरताना पाणी बाहेर जातं, चढताना मीठ बाहेर जातं पण पाणी जाऊ शकत नाही, ही उलटसुलट जोडी हाताने काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही. डिस्टल भागात आणि कलेक्टिंग डक्टमध्ये अल्डोस्टेरॉन सोडियम परत घेतं आणि पोटॅशियम सोडतं, आणि कलेक्टिंग डक्टमध्ये एडीएच पाण्याची दारं उघडतं.

लगेच स्वतःला विचारा, डायबेटिसमध्ये लघवीत साखर का येते? कारण परत घेणाऱ्या वाहकांची क्षमता ठरलेली असते, रक्तात ग्लुकोज साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ते कमी पडतात आणि उरलेली साखर पुढे निघून जाते. ती जाताना पाणीही ओढून नेते, म्हणून लघवी वारंवार, म्हणून तहान. तीन लक्षणं एका नळीवरून सांगता आली.

रक्तदाब वाढवणारी रेनिनची साखळी एका ओळीत बाण काढून लिहा पण प्रत्येक नावाखाली अवयव लिहा: रेनिन किडनीतून, अँजिओटेन्सिनोजेन लिव्हरमधून, एसीई हा एन्झाइम मुख्यतः फुप्फुसांत, अल्डोस्टेरॉन अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थरातून. चार अवयव एका रक्तदाबासाठी काम करतायत हे दिसलं की साखळी विसरत नाही.

श्वसनाचं एक गणित

श्वसनातली बाकीची आकृती तुम्ही कराल, मी एकच गणित देते कारण त्यात सगळं आहे. साध्या श्वासात ५०० मिलिलिटर हवा आत येते, पण त्यातली साधारण १५० श्वासनलिकांमध्येच राहते, तिथे ऑक्सिजनची देवाणघेवाण होत नाही, ती डेड स्पेस. मिनिटाला १२ श्वास धरले तर कामाची हवा झाली ३५० गुणिले १२, म्हणजे ४२०० मिलिलिटर. आता कोणी घाबरून उथळ श्वास घेतोय, २५० चे २४ श्वास. एकूण हवा दोन्हीकडे ६ लिटरच, पण कामाची हवा १०० गुणिले २४, फक्त २४००. एकूण तेवढंच असून जवळपास अर्ध्यावर आली. हे गणित स्वतः मांडा, आकडे बदलून बघा.

नर्व्ह आणि स्नायू

अ‍ॅक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे नर्व्हमधून जाणाऱ्या विजेच्या झटक्याचा, ग्राफ काढताना प्रत्येक वळणावर कुठलं दार उघडलं ते लिहा, नाहीतर तो नुसता डोंगर राहतो. आराम करताना उणे ७० मिलिव्होल्ट, उणे ५५ च्या आसपास थ्रेशोल्ड (झटका सुरू होण्याची मर्यादा), सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत, अधिक ३० पर्यंत वर, मग सोडियमची दारं बंद आणि पोटॅशियम बाहेर, म्हणून खाली. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक: खाली आणायचं काम सोडियम-पोटॅशियम पंपाने केलं असं लिहिणं. नाही, ते काम दारातून बाहेर पडणाऱ्या पोटॅशियमचं. पंप मागे सतत चालू असतो, ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत, तो साठा टिकवतो.

स्नायूत फिलामेंट (अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रोटीन्सचे धागे) आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे वाक्य पक्कं करा. कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रोटीनला चिकटतं, अ‍ॅक्टिनवरची जागा मोकळी होते, मायोसिनचं डोकं पकडतं आणि ओढतं. सुटण्यासाठी नवीन एटीपी (पेशीची ऊर्जा) लागतं. मृत्यूनंतर एटीपी संपतं, डोकी अडकलेली राहतात आणि शरीर ताठरतं, रायगर मॉर्टिस. सुटायलाही ऊर्जा लागते हे या एका उदाहरणाने कायमचं लक्षात राहतं.

आणि मानेत मणके ७ पण सर्व्हायकल नर्व्हच्या जोड्या ८, हा प्रश्न फसवतो. पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून निघते आणि आठवी सातव्याच्या खालून, म्हणून एक जास्त. पुढे छातीच्या १२, कंबरेच्या ५, सेक्रमच्या ५ आणि माकडहाडाची १, एकूण ३१ जोड्या.

हाडं स्वतःच्या अंगावर शिका

२०६ हाडं, त्यातली ८० मधल्या खांबाची म्हणजे अ‍ॅक्सियल आणि १२६ हातापायांची आणि त्यांच्या कंबरपट्ट्यांची-खांद्यांची. यादी वाचत बसू नका, बोटं फिरवा. गळ्याच्या खालच्या खळग्यातून छातीच्या हाडावरून खाली या, दोन इंचांवर एक आडवा उंचवटा लागतो, स्टर्नल अँगल, तिथे बाजूला दुसरी बरगडी जोडलेली असते आणि पुढच्या बरगड्या तिथूनच मोजतात. मान पुढे वाकवा, मागे जो मणका सगळ्यात वर येतो तो बहुतेकांत सातवा. कोपराचं टोक ह्युमरसचं नाही, अल्नाचं आहे. घोट्याची बाहेरची गाठ फिब्युला, आतली टिबिया. अंगठा ताणून वर करा, मनगटाजवळ दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मध्ये खळगा दिसतो, त्या खळग्याच्या तळाला स्कॅफॉइड. पडताना हात टेकला की मनगटातलं सहसा हेच मोडतं.

मनगटाच्या ८ हाडांसाठी मी मुलांना एक ओळ देते: सकाळी लवकर टेबलावर पुस्तक, टाळाटाळ टाळून करा हे. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म, मग दुसरी रांग ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. दोन्ही रांगा अंगठ्याच्या बाजूने सुरू होतात. ट्रॅपिझियम आणि ट्रॅपिझॉइडची अदलाबदल होत असेल तर अंगठ्याखाली असतं ते ट्रॅपिझियम, तेवढं पुरे. माझी ओळ जमली नाही तर स्वतःची बनवा, स्वतः बनवलेली जास्त टिकते.

पचनाचंही थेंबासारखंच करा, एक घास घेऊन तोंडापासून शेवटपर्यंत चाला आणि प्रत्येक स्टेशनवर कुठला रस, कशावर काम, एवढंच लिहा. पित्त म्हणजे बाइल लिव्हरमध्ये बनतं, गॉल ब्लॅडरमध्ये फक्त साठतं, आणि त्यात पचवणारा एन्झाइम नसतो, ते चरबीचे बारीक थेंब करतं. त्वचा आणि लिम्फॅटिकला एकेक संध्याकाळ पुरते.

सगळ्या सिस्टिम एका प्रसंगात आणा

शेवटच्या आठवड्यात रोज एक प्रसंग घ्या आणि कागदभर लिहा. उदाहरणार्थ, झोपलेला माणूस पटकन उभा राहिला. रक्त पायांकडे साचलं, हृदयाकडे परत येणारं कमी झालं, एका ठोक्याला बाहेर पडणारं कमी झालं, दाब घसरला. मानेतल्या कॅरोटिड सायनसमधल्या आणि एओर्टाच्या कमानीतल्या बॅरोरिसेप्टर्सना (दाब ओळखणाऱ्या नर्व्हच्या टोकांना) कळलं, मेड्युलाला (मेंदूच्या खालच्या भागाला) निरोप गेला, सिम्पथेटिक (हृदय आणि रक्तवाहिन्यांना जोर लावणाऱ्या नर्व्हचं काम) वाढलं, ठोके वाढले, रक्तवाहिन्या आवळल्या, दाब परत वर. हे सगळं काही सेकंदांत, आणि जर ते उशिरा झालं तर डोळ्यांसमोर अंधारी येते. असेच प्रसंग: जिना धावत चढणं, खूप घाम येणं, रक्त जाणं, दिवसभर पाणी न पिणं. दीर्घोत्तरी प्रश्न याच साखळीवरून येतात आणि ज्याने साखळी स्वतः जोडलेली असते तो तिथे अडकत नाही.

परत परत, पण अंतर ठेवून

एक टॉपिक एका दिवसात पाच वेळा करण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या दिवशी एकेकदा करा. आज केलं, उद्या कोऱ्या कागदावर, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. फ्लॅशकार्ड नावांसाठी वापरा, प्रक्रियेसाठी नको, नेफ्रॉन कार्डवर मावत नाही. आणि कोणाला तरी शिकवा, घरच्यांना, रूममेटला, कोणीच नसेल तर भिंतीला, जिथे तुम्ही "आणि मग ते होतं" असं म्हणून पुढे सरकता तिथे तुम्हाला येत नसतं, तिथे थांबून लाल पेन घ्या. झोप तोडू नका, रात्री जागून वाचलेलं सकाळी हातात राहत नाही हे मी अनेकांचं बघितलंय.

पेपरमध्ये

एमसीक्यूमध्ये "यापैकी कोणतं नाही" या "नाही"ला गोल करा, मगच पर्याय वाचा. "नेहमी" आणि "कधीच नाही" असलेल्या पर्यायावर दोन सेकंद जास्त थांबा. लेबलच्या रेषा पट्टीने, आडव्या, एकमेकांना न छेदता, सगळी नावं शक्यतो एकाच बाजूला. प्रक्रिया विचारली असेल तर आधी बाणांची साखळी मार्जिनमध्ये कच्ची लिहा आणि मग वाक्यं करा, मधली पायरी गळत नाही. प्रॅक्टिकलला हाड समोर आलं की आधी बाजू ठरवा, मग नाव, मग खुणा.

परीक्षेच्या सकाळी नवीन काही उघडू नका. एक कोरा कागद घ्या, चार कप्प्यांचा चौकोन, नेफ्रॉनची नळी आणि अ‍ॅक्शन पोटेन्शियलचा ग्राफ, तिन्ही मिळून १५ मिनिटांत काढा, लाल पेन लागला तर तेवढंच एकदा बघा, आणि निघा.